आवाज कुणाच्या हातात?

तुमच्या घरी रिमोट किती आहेत? जरा मोजून बघा. टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा एक, एसीचा एक, म्युझिक सिस्टिमचा एक. त्यातल्या एकाचं मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं, एकाचे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात टाकलेले आणि एक सोफ्याच्या फटीत गडप. बरोबर ना? मग गुड न्यूज अशी, की यातला म्युझिक सिस्टिमचा रिमोट आता हरवायचा प्रश्नच नाही. तो तुमच्या मोबाइलमध्ये आहे. ॲप डाउनलोड करायचं, घरचं वायफाय जोडायचं, की हॉलमधल्या रिसीव्हरचा आवाज, गाणं, रेडिओ सगळं तुमच्या अंगठ्याखाली. एकदम कूल!

पण बॉस, मोबाइल तुमच्या खिशात आणि तुम्ही ऑफिसात. मग घरी जो माणूस दिवसभर बसलाय, त्याने काय करायचं?

हा प्रश्न मला पडला चंद्रपूरला, आमच्या घरी. चंद्रपूर म्हटलं की माझ्या पुण्या-मुंबईच्या मित्रमैत्रिणींना दोनच गोष्टी आठवतात, ताडोबातले वाघ आणि मे महिन्यातलं तापमान. तिसरी गोष्ट म्हणजे वीज. तुम्ही ज्या एसीत बसून हे वाचताय, त्याला लागणारी थोडी वीज आमच्याकडूनही येत असेल. आमच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. बाबांची सगळी नोकरी तिथल्या कंट्रोल रूममध्ये गेली. शिफ्ट ड्युटी, डोळे मीटरवर, हात स्विचवर.

रिटायर झाल्यावर बाबांनी स्वतःसाठी एकच चैन केली. चांगल्यापैकी एव्ही रिसीव्हर घेतला आणि सोबत स्पीकरचा सेट. रिसीव्हर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्पीकर हे म्युझिक सिस्टिमचं तोंड असेल, तर रिसीव्हर हा तिचा मेंदू आणि छाती. सीडी, टीव्ही, रेडिओ, पेन ड्राइव्ह, मोबाइल यांपैकी कुणाचं ऐकायचं ते तो ठरवतो आणि आवाजाला ताकद देतो. बाबांची सकाळ चंद्रपूर आकाशवाणीने सुरू व्हायची आणि रात्र वसंतराव देशपांड्यांनी संपायची. मधल्या वेळात नॉब त्यांचा, आवाज त्यांचा. आईने कितीही डोळे वटारले, तरी.

२०२२ च्या डिसेंबरात बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली. फिजिओथेरपीने चालणं बऱ्यापैकी परत आलं, बोलणं अर्धंमुर्धं आलं, उजवा हात मात्र अजूनही हट्टाला पेटलेला आहे. त्यांचा पलंग हॉलला लागून असलेल्या खोलीत टाकला. रिसीव्हर हॉलमध्ये, बाबा भिंतीपलीकडे.

मग सुरू झालं हाका मारणं. ‘अवो, आवाज कमी करा’, ‘अवो, पुढचं लावा’, ‘अवो, रेडिओ’. आई कणीक मळता मळता उठायची, हात धुवायची, बटण दाबायची आणि परत जायची. ती कधीच कुरकुरली नाही. पण बाबांना ते दिसत होतं. काही आठवड्यांनी त्यांनी हाका मारणं बंद केलं. हाका बंद म्हणजे गाणी बंद. मी सुट्टीत घरी गेले, तेव्हा रिसीव्हरवर आईने विणलेला रुमाल टाकलेला होता. तो बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीचा रिमोट होता की! होता. त्याच्यावर पन्नासेक बटणं, बहुतेक सगळी शेंगदाण्याएवढी. डाव्या हाताच्या अंगठ्याला त्यातलं एक नेमकं शोधायचं म्हणजे परीक्षाच. शिवाय हा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो. त्याच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला अडतीस हजारांच्या आसपास वेळा लुकलुकवत आपला निरोप पाठवतो. (खोटं वाटतं? मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोटचं बटण दाबा. जांभळट ठिपका चमकताना दिसेल. रिमोट बिघडलाय की सेल संपलेत, हे बघायचा हा फुकटातला उपाय!) पण प्रकाश तो प्रकाश. भिंतीतून जात नाही. पलंगावरून हॉलमधला रिसीव्हर त्याला दिसतच नाही.

गंमत म्हणजे उठून न जाता यंत्र चालवायची माणसाची हौस फार जुनी. १९५६ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीने ‘स्पेस कमांड’ नावाचा टीव्हीचा रिमोट आणला. रॉबर्ट ॲडलर यांनी बनवलेल्या या रिमोटमध्ये सेलच नव्हते. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज टीव्हीला जायचा. पुढे इन्फ्रारेड आलं. १९९८ मध्ये फिलिप्सने ‘प्रोंटो’ नावाचा टचस्क्रीन रिमोट काढला. त्याच काळात पामटॉपला इन्फ्रारेड असायचं, त्यामुळे टेक्नोसॅव्ही मंडळी त्याच्यावरूनच टीव्ही बदलून शायनिंग मारायची. मग २००७ मध्ये आयफोन आणि आयपॉड टच आले, २००८ मध्ये ॲप स्टोअर आलं आणि रिसीव्हर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापली ॲप्स काढली. टचस्क्रीन रिमोट ही श्रीमंतांची चैन होती, ती फुकट झाली.

फुकट आहे म्हणून घरोघरी आलं, असं मात्र नाही. आमचा रिसीव्हर वायफायवाला होता, पण त्याचं वायफाय कुणी कधी जोडलेलंच नव्हतं. बाबांचा हात नॉबवर पोचत होता, तोवर गरजच काय होती?

इथे एंट्री होते माझ्या मामेभावाची. दादा वडशाला राहतो. वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं गाव. १९८२ पर्यंत गडचिरोली आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात होतं, त्यामुळे अर्धे नातेवाईक इकडे आणि अर्धे तिकडे, हे घरोघरी ठरलेलं. वडशाची खरी ओळख झाडीपट्टी रंगभूमीची. धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत या भागात रात्र रात्र नाटकं चालतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. मांडवात हजारोंची गर्दी, स्टेजवर टांगलेले माइक आणि पहाटेपर्यंत चालणारी गाणी. याच रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दादाची तिथे साउंड सर्व्हिस आहे. म्हणजे आवाज हा त्याचा धंदा.

मी त्याला ॲपबद्दल सांगितलं. मला वाटलं, नॉबवाला माणूस हसेल. पण तो म्हणाला, ‘पाह्य, नॉब मिक्सरवर असतो आणि ऐकणारा मागच्या रांगेत. मिक्सरजवळ बसून मस्त वाटते, मागं जाऊन ऐकलं तर काहीच समजत नाही. जिथं कान, तिथं कंट्रोल पाह्यजे.’ मोठ्या शोसाठी आता असे डिजिटल मिक्सर मिळतात, ज्यांच्यावर बोटाने फिरवायचं काहीच नसतं. सगळं टॅबलेटवर. साउंडवाला टॅबलेट घेऊन प्रेक्षकांत फिरतो आणि जिथे उभा असेल, तिथून आवाज ठरवतो. फंडा सिंपल आहे, आणि आमच्या घरात ‘मागची रांग’ म्हणजे बाबांचा पलंग.

दादा पुढच्या रविवारी हजर. आल्या आल्या त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘ॲप कोणाच्या मोबाइलमध्ये टाकायचं? तुझ्या टाकलं, तर रिमोट तुझ्यासोबत पुण्याले जाईल.’ शंभर नंबरी बात! मोबाइल ही किती पर्सनल गोष्ट आहे बघा. त्याला पासवर्ड, त्याच्यात बँक, त्याच्यात चॅट. तो आपण कुणाच्या हातात तासभरही देत नाही. आणि रिमोट ही घराची गोष्ट. ती टीव्हीच्या टेबलावर पडून राहायला हवी, ज्याला हवी त्याने उचलावी. म्हणून आम्ही कपाटातला माझा जुना फोन काढला. सिम नाही, व्हॉट्सॲप नाही, लॉक नाही. फॅक्टरी रीसेट करून फक्त रिसीव्हरचं ॲप टाकलं. त्यासाठी नवीन खर्च शून्य रुपये. तो फोन आता ‘घरचा’ आहे.

आईला शंका होती, ‘नेट गेलं तर?’ आमच्याकडे वादळ आलं की नेट जातं, आणि गडचिरोलीत आत गेलात तर टॉवर शोधावा लागतो. पण फोन, राउटर आणि रिसीव्हर हे तिघं घरातल्या घरात एकमेकांशी बोलत असतात. बाहेरचं इंटरनेट बंद असलं, तरी वायफाय सुरू असेपर्यंत आवाज कमी-जास्त होतो, रेडिओ लागतो, सीडी चालते. ऑनलाइन गाणी तेवढी वाजत नाहीत. डेनॉन, मरांट्झसारख्या कंपन्यांनी आपल्या नेटवर्क रिसीव्हरला द्यायच्या आज्ञांची यादी चक्क जाहीर केलेली आहे. ‘आवाज एक पायरी वर’ ही आज्ञा म्हणजे फक्त चार इंग्रजी अक्षरं, एम, व्ही, यू, पी. फोन ती चार अक्षरं पाठवतो आणि रिसीव्हर आवाज वाढवून उलट उत्तर देतो, की आता मी अमुक आकड्यावर आहे.

या ‘उत्तर देतो’वर बाबा उठून बसले. खरंच उठून बसले.

झालं असं, की त्यांनी डाव्या अंगठ्याने अधिकचं चिन्ह दाबलं. स्क्रीनवरचा आकडा बदलला. मग त्यांनी दादाला खुणेने हॉलमध्ये पाठवलं आणि नॉब फिरवायला लावला. इकडे फोनवरचा आकडा आपोआप हलला. बाबांचा चेहरा असा, जणू जुना दोस्त भेटला. अडखळत म्हणाले, ‘इंडिकेशन... येते.’

कंट्रोल रूमच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. हुकूम देणं आणि तो पाळला गेलाय हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहानपणी बाबा मला एक गोष्ट सांगायचे, इतर मुलांना चिऊकाऊची सांगतात तशी. २८ मार्च १९७९, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. तिथला एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. पण कंट्रोल रूममधला दिवा सांगत होता, बंद. कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता. ‘बंद हो’ हा हुकूम गेला, एवढंच दाखवत होता. ऑपरेटर दिव्यावर विसंबले, थंड करणारं पाणी निघून गेलं आणि अणुभट्टीचा गाभा जवळपास अर्धा वितळला. बाबा थर्मलवाले, पण ही गोष्ट त्यांच्यासाठी गीतेसारखी होती.

इन्फ्रारेड रिमोट हा तसलाच दिवा आहे. तो निरोप फेकतो आणि विसरून जातो. पोचला की नाही, त्याला पत्ताच नसतो. समोर बसलेल्या माणसाचं त्यावाचून अडत नाही, कारण त्याचे डोळे-कान रिसीव्हरवर असतात. भिंतीपलीकडच्या माणसाला मात्र उत्तर लागतं. बाबांना आता पलंगावरूनच कळतं, की रिसीव्हर सुरू आहे, आवाज किती आहे, कोणतं गाणं चाललंय. कुणाला विचारायला नको.

सगळं गोड गोड झालं असं समजू नका. तिसऱ्याच दिवशी बाबांचा अंगठा घसरला. ॲपवर आवाजासाठी एक सरकपट्टी होती, ती एका झटक्यात पार वर गेली. दुपारी दोनला अख्खी गल्ली नाट्यसंगीताने दणाणली. शेजारच्या काकू धावत आल्या, आईचं काळीज धडधडत होतं आणि बाबांनी फोन उशीखाली ढकलला. दोन दिवस हात लावला नाही.

नॉबला एक शहाणपण असतं. तो फिरवायला वेळ लागतो, बोटांना अंदाज येतो. काचेला तो अंदाज नाही. तिथे कुजबुज आणि बोंबाबोंब यांच्यात दोन इंचांचं अंतर. शिवाय डेसिबलचा हिशेब वेगळा असतो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो आणि ॲम्प्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते. दादाने फोनवरून मला रिसीव्हरच्या मेनूतली ‘व्हॉल्यूम लिमिट’ शोधायला लावली. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ही सोय असते, कुणी बघत नाही. यापुढे आवाज जायचाच नाही, असा वरचा आकडा पक्का करायचा. सुरू करताना आवाज किती असावा, हेही ठरवून ठेवता येतं. मग बाबांना दाखवून दिलं, की आता कितीही घसरलं तरी गल्ली दणाणणार नाही. ते म्हणाले, ‘इंटरलॉक.’ म्हणजे पास!

लोक मला विचारतात, एवढं करण्यापेक्षा व्हॉइस असिस्टंट का नाही घेतला? नुसतं बोलायचं की! घेतला होता. त्याला मराठी कळते, पण पॅरालिसिसनंतरची, अडखळत येणारी, चंद्रपुरी मराठी कळत नाही. तीनदा सांगूनही त्याने भलतंच लावलं, तेव्हा बाबांच्या डोळ्यांत जे दिसलं, ते मला परत बघायचं नाही. ज्याचं बोलणं माणसांनाच दोनदा विचारावं लागतं, त्याला यंत्रापुढेही बोलायला लावू नये. बटण कुणाला ‘काय म्हणालात?’ असं विचारत नाही.

आणि उन्हाळा! आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे कूलर. खिडकीतला कूलर सुरू झाला की घरात मालगाडी उभी असल्यासारखा आवाज. कूलर लागला की गाणं वाढवायचं, बंद झाला की कमी करायचं. दिवसातून दहा वेळा. पूर्वी या दहा हाका होत्या. आता दहा टॅप आहेत.

तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर माझ्याकडून थोड्या टिप्स. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क स्टँडबाय’ किंवा ‘नेटवर्क कंट्रोल’ सतत सुरू ठेवा, नाहीतर बंद केलेला रिसीव्हर फोनवरून पुन्हा जागा होत नाही. वीज थोडी जास्त जाते, पण चालतं. लाइट जाऊन आली की राउटर कधी कधी रिसीव्हरला नवा पत्ता देतो आणि ॲप त्याला शोधत बसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये रिसीव्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘ॲप पिनिंग’ असतं, म्हणजे स्क्रीनवर तेच ॲप राहतं, चुकून दुसरं काही उघडत नाही. जुना फोन चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. आमच्या उन्हात तर नक्कीच. रिसीव्हर बंद शोकेसमध्ये कोंबू नका, त्याला वरून हवा लागते. आणि तो विणलेला रुमाल प्लीज काढा!

हे सगळं करायला आम्हाला एक रविवार लागला. पुण्यात माझ्या ओळखीत घरभर स्मार्ट दिवे, स्मार्ट पडदे लावलेले लोक आहेत. त्यांचं टेक्नॉलॉजीवर प्रेम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांना ॲप नसतं, तर सोफ्यावरून उठून चार पावलं चालावं लागलं असतं, बस्स. बाबांना ती चार पावलं म्हणजे काठी, भिंत आणि आईचा खांदा. आमच्या बॅगेत, ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन कुणासाठी तरी एवढं अंतर कापू शकतो, हे आपल्या पिढीच्या डोक्यात चटकन येत नाही, कारण गॅझेट म्हटलं की आपल्याला पुढचं मॉडेल दिसतं.

परवा आईचा फोन आला. तक्रार होती. म्हणाली, ‘तुझे बाबा रात्री अकरापर्यंत रेडिओ बंद करत नाहीत. मी बंद केला की तिकडून परत सुरू करतात. काय करून ठेवलंस हे?’ मागून वसंतराव ऐकू येत होते, जरा मोठ्यानेच. मी तिला म्हटलं, ‘आई, तुलाही एक जुना फोन पाठवू का?’

ती म्हणाली, ‘पाठव.’